नावं नव्हती, मग ईएला पैसे का मोजावे लागले?

तुमचे प्रश्न दोन. ईए या व्हिडिओ गेम कंपनीच्या जुन्या अमेरिकी कॉलेज फुटबॉल गेममध्ये एकाही खेळाडूचं नाव नव्हतं, कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचा परवानाही रीतसर घेतलेला होता, तरी कंपनीला कोट्यवधी डॉलर का भरावे लागले? आणि 2024 च्या नव्या गेममध्ये 600 डॉलर देऊन पोरांच्या तोंडाला पानंच पुसली ना? मी हा गेम वर्षानुवर्षं खेळत आलोय आणि या खटल्यांचे निकाल मुळातून वाचलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

नाव नव्हतं हे खरं. पण बाकी काय काय होतं ते बघा. ईएवर खटला भरणारा सॅम केलर हा आधी अ‍ॅरिझोना स्टेट आणि नंतर नेब्रास्का विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू. गेमच्या 2005 च्या आवृत्तीत अ‍ॅरिझोना स्टेटच्या क्वार्टरबॅकची जर्सी 9 नंबरची, म्हणजे केलरचीच. उंची, वजन, त्वचेचा आणि केसांचा रंग, केसांची ठेवण, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या राज्यातला, कितव्या वर्षाला आहे, इतकंच काय, हेल्मेटला काच लावतो की नाही हेसुद्धा जुळत होतं. वेगळं होतं ते जर्सीवर गाळलेलं नाव आणि बदललेलं गाव. 2008 च्या आवृत्तीत तो नेब्रास्काकडून दिसतो, तिथे मात्र नंबर जुळत नाही. कोर्टाने त्याचं संभाव्य कारण निकालातच दिलंय: केलरने हंगामाच्या तोंडावर नंबर बदलला होता. त्याच निकालात असंही नोंदलंय की खेळाडूंच्या खास लकबी टिपण्यासाठी ईए संघांच्या इक्विपमेंट मॅनेजरांकडे तपशीलवार प्रश्नावल्या पाठवत असे. असं असताना 'हा कुणीतरी काल्पनिक मुलगा आहे' हे कोण मानणार? वर लोकांनी खरी नावं भरलेली रोस्टर (संघातल्या खेळाडूंच्या याद्या) अपलोड करायची सोय होतीच. ती उतरवून घेतली की जर्सीवर नाव झळकायचं.

आता परवान्याचं. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विद्यापीठाचं नाव, लोगो, रंग, स्टेडियम, मॅस्कॉट ही विद्यापीठाची मालमत्ता. तिचा परवाना कॉलेजिएट लायसन्सिंग कंपनीमार्फत मिळायचा. खेळाडूची ओळख ही खेळाडूची. सोसायटीने एनओसी दिली म्हणून फ्लॅटमालकाची संमती मिळाली असं होत नाही, तसंच हे. आणि एनसीएएच्या हौशीपणाच्या नियमांनुसार खेळाडूला आपली ओळख विकायलाच बंदी होती. ज्याची वस्तू त्याला विकता येत नाही आणि दुसऱ्याला ती देण्याचा हक्क नाही, अशा अवस्थेत हा गेम वर्षानुवर्षं विकला गेला. मला खरा अन्याय तिथे दिसतो.

ईएचा बचाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता: गेम ही पुस्तक-सिनेमासारखीच कलाकृती आहे. अमेरिकी सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये व्हिडिओ गेमला ते संरक्षण दिलेलंही आहे. पण रटगर्स विद्यापीठाचा क्वार्टरबॅक रायन हार्ट याच्या खटल्यात मे 2013 मध्ये आणि केलरच्या खटल्यात जुलै 2013 मध्ये, दोन वेगवेगळ्या अपील कोर्टांनी 2 विरुद्ध 1 अशा मतांनी तो बचाव नाकारला. कसोटी ही की खऱ्या माणसाची ओळख घेऊन तुम्ही तिचं काही वेगळं घडवलंत का. इथे कॉलेजचा क्वार्टरबॅक कॉलेजच्याच मैदानावर फुटबॉलच खेळताना दाखवला होता. 'खेळणाऱ्याला चेहरा-बांधा बदलता येतो' हा ईएचा युक्तिवादही टिकला नाही, कारण सुरुवात खऱ्या खेळाडूपासूनच होते आणि गेमचं आकर्षणही तेच. मला बहुमताचा निकाल पटतो, पण विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींचं म्हणणं वाचण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे 2007 मध्ये फँटसी बेसबॉलवाली एक कंपनी खेळाडूंची खरी नावं आणि आकडेवारी वापरूनही अपिलात जिंकली होती. ती माहिती आधीच सार्वजनिक आहे, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे नाव छापलं की नाही हा मुद्दा एकट्याने निर्णायक नाही. केलरच्याच दिवशी, त्याच कोर्टात माजी फुटबॉलपटू जिम ब्राऊन ईएच्याच मॅडन या एनएफएल (व्यावसायिक फुटबॉल लीग) गेमबद्दलचा दावा हरला, कारण त्याने ट्रेडमार्कच्या केंद्रीय कायद्याचा रस्ता धरला होता आणि तिथली कसोटी वेगळी. पुढे राज्याच्या कोर्टात गेल्यावर 2016 मध्ये त्याला 6 लाख डॉलर मिळाले.

यानंतर सगळं भराभर घडलं. जुलै 2013 मध्ये एनसीएएने करार न वाढवण्याचं जाहीर केलं, सप्टेंबरमध्ये ईएने पुढचा गेम थांबवला आणि तडजोड केली. ईए आणि लायसन्सिंग कंपनीचे मिळून 4 कोटी डॉलर, नंतर एनसीएएचे 2 कोटी. एड ओबॅननचा खटला एनसीएएविरुद्ध पुढे चालला. यूसीएलए विद्यापीठाच्या 1995 च्या विजेत्या बास्केटबॉल संघातल्या या डावखुऱ्या खेळाडूला एका परिचिताच्या घरी बास्केटबॉल गेममध्ये 31 नंबरचा स्वतःसारखाच खेळाडू दिसला, तिथून त्याने लढा हाती घेतला. 2014 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

दार उघडलं ते 1 जुलै 2021 ला, जेव्हा एनसीएएने नाव, छबी आणि ओळख यांतून कमवायची मुभा दिली. जुलै 2024 च्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूची संमती स्वतंत्र घेतली. 11,000 हून अधिक खेळाडूंनी होकार दिला. ज्याने दिला नाही त्याच्या जागी बनावट खेळाडू येतो, आणि खऱ्याला हाताने तयार करून बसवण्याची वाटही ईएने बंद केली. जुन्या रोस्टरचा धडा!

आता 600 डॉलर. सोबत गेमची एक प्रत. हिरो क्वार्टरबॅकला आणि अख्खा हंगाम बाकावर बसलेल्याला सारखेच. बाकावरच्या मुलासाठी ही रक्कम मी कमी म्हणणार नाही. त्याला एरवी ओळखीचे पैसे कोण देणार होतं? मुखपृष्ठावर झळकणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना वेगळ्या करारांची संधी होती. पुढच्या वर्षी आकडा 1,500 झाला. पण हा दर ठरवताना टेबलाच्या पलीकडे खेळाडूंच्या वतीने कुणी बसलं नव्हतं. मॅडनसाठी एनएफएल खेळाडूंची संघटना सामूहिक परवाना देते, घासाघीस करते. कॉलेजच्या मुलांची तशी संघटना नाही. ऑफर येते, घ्या नाहीतर सोडा. त्यामुळे 'पानं पुसली' हे मला पूर्ण मान्य नसलं तरी तुमचा राग रास्त आहे. फक्त तो 600 या आकड्यावर न काढता संघटना नसण्यावर काढा. 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट वाटा देऊ लागलीत, पण तो हिशेब वेगळा, गेमचा नाही.