उघड्या छताची गाडी: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

प्रश्न: वय 53. घराचं कर्ज फिटलंय, मुलीच्या शिक्षणाची तरतूद वेगळी ठेवली आहे, निवृत्तीसाठीची गुंतवणूक नियमित चालू आहे. बऱ्याच वर्षांची हौस म्हणून सेकंडहँड लक्झरी कन्व्हर्टिबल घ्यायची आहे. गाडी बंद गॅरेजमध्ये राहील आणि फिरायला आम्ही दोघंच असू. दोन गाड्या पाहिल्या आहेत. पहिली पाच वर्षांची: सहा सिलिंडर, घडी होणारं पत्र्याचं छत, स्प्रिंगऐवजी हवेवर तोलणारं एअर सस्पेन्शन, मसाजच्या सीट, मोठी चाकं, भारी साउंड सिस्टीम. मात्र मधल्या दोन वर्षांच्या सर्व्हिसच्या नोंदी नाहीत. दुसरी सात वर्षांची: चार सिलिंडर, कापडी छत, तापणाऱ्या सीट, मानेशी गरम हवा सोडणारी सोय, मागे वारा अडवणारी जाळी. स्क्रीन जुनाट आहे, पण सर्व्हिसची फाइल पहिल्या दिवसापासून पूर्ण. ती पहिलीपेक्षा एक पंचमांश स्वस्त आहे. मी 26 फीचर्सची यादी करून गुण दिले, त्यात पहिली सहज जिंकते. पत्नीला दुसरी आवडली आहे, कारण तिच्या मानेला वारा सोसत नाही. थोडे पैसे फंडातून आणि थोडं कर्ज, असं करून पहिली घ्यावी का?

नमस्कार.

आधी पैशाचं बोलू, ते लवकर आटोपतं. तुमची घडी बसलेली आहे आणि ही गाडी तुम्हाला परवडते. ती हौसेसाठी घेताय हे तुम्ही सरळ लिहिलंय, त्यामुळे घसाऱ्यावर प्रवचन देत नाही. पण कर्ज नको. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज सहसा नव्यापेक्षा जास्त आणि मुदत कमी असते. शिवाय हप्ते चालू असताना छताचा पंप गेला, तर दोन्ही खर्च एकाच पगारावर येऊन पडतात. कर्ज न काढता गाडी घेतल्यावर तिच्या किमतीचा सहावा-सातवा हिस्सा तरी रोख हाताशी उरला पाहिजे. हा माझा ठोकताळा आहे, पण अशा गाड्यांच्या बाबतीत तो मी सहसा मोडू देत नाही. आणि फंड विकताना कर लागणार असेल तर तो वजा करून मगच बजेट धरा.

आता तुमची यादी. मसाजच्या सीटला तुम्ही जेवढे गुण दिलेत, तेवढेच तापणाऱ्या सीटला. एअर सस्पेन्शनला दिलेत तेवढे सर्व्हिसच्या पूर्ण फाइलला नाहीतच, कारण ती यादीत फीचर म्हणून आलेलीच नाही. माझं मुख्य म्हणणं इथे आहे. नवी गाडी घेताना फीचर म्हणजे सोय. वॉरंटी संपलेल्या गाडीत तेच फीचर एक देणं असतं, फक्त त्याची तारीख कळलेली नसते. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पाच वर्षांत गाडी अर्ध्या किमतीला आली तरी एअर सस्पेन्शनचा स्ट्रट आणि कॉम्प्रेसर नव्या गाडीच्याच भावाने मिळतो, आणि तो बसवणारा मेकॅनिकही त्याच भावाने हात लावतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार आहे.

म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा. हे फीचर असल्यामुळे मी छत जास्त वेळा उघडेन का? ते बिघडलं तर गाडी उभी राहील, की फक्त एक बटण मुकं होईल? आणि नंतर ते बसवून घेता येतं का? तुमची 26 ची यादी यात झपाट्याने आटते.

पहिल्या प्रश्नावर सर्वांत वर येतात ती वहिनींची फीचर्स. कन्व्हर्टिबल घेणारे बरेच लोक इंजिन आणि चाकं पाहतात, आणि मग गार हवा किंवा मानेवरचा वारा सहन होत नाही म्हणून महिनोन् महिने छत बंद ठेवून फिरतात. म्हणजे कन्व्हर्टिबलचे पैसे मोजून साधी कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारांची गाडी, चालवतात. मर्सिडीजने मानेशी गरम हवा सोडणारी एअरस्कार्फची सोय 2004 च्या एसएलकेमध्ये आणली आणि 2010 च्या ई-क्लास कॅब्रिओलेत समोरच्या काचेच्या वरच्या कडेला उचलला जाणारा, वारा डोक्यावरून वळवणारा एअरकॅप दिला, तो याच अडचणीवरचा उपाय होता. सीटच्या मागची जाळी तर बिनमोटारीची, बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही. चार सीटच्या गाडीत ती लावली की मागची बैठक वापरता येत नाही, पण तुम्ही दोघंच फिरणार असल्याने तो तोटा तुमच्या हिशेबात येत नाही. जाळी नंतर वेगळी विकत घेता येते. मानेची गरम हवा मात्र सीटमध्येच बांधलेली असते, ती नंतर बसवणं व्यवहारात जमत नाही.

याचा हिशेब आकड्यांत मांडतो. पहिल्या गाडीची किंमत 100 भाग धरा, दुसरीची 80. समजा चार वर्षांनी पहिली 55 ला विकली गेली आणि दुसरी 48 ला. विमा, सर्व्हिस, टायर धरून प्रत्येकीचा खर्च वर्षाला 6 भाग. चार वर्षांत पहिली 69 भाग खाते, दुसरी 56. पहिलीचं छत वर्षातून 30 दिवस उघडलं, तर उघड्या छताचा एक दिवस 0.58 भागांना पडतो. दुसरीचं 45 दिवस उघडलं, तर 0.31 ला. आकडे माझे गृहीत आहेत, तुम्ही तुमचे घाला. दिवस सारखेच धरले तरी दुसरी स्वस्त पडते, आणि यात पहिलीची एकही मोठी दुरुस्ती अजून धरलेली नाही.

आता छत. तुम्ही पत्र्याच्या छताला जास्त गुण दिलेत आणि कारण लिहिलंय ‘आधुनिक’. गंमत अशी, की ज्यांनी ही फॅशन आणली तेच आता मागे फिरलेत. मर्सिडीजने 1996 च्या एसएलकेपासून घडीचं पत्र्याचं छत लोकप्रिय केलं, पण 2021 साली आलेल्या एसएलला पुन्हा कापडी छत दिलं, आधीच्या पत्र्याच्या छतापेक्षा 21 किलोने हलकं. बीएमडब्ल्यूची झेड4 आधी कापडी होती, 2009 ला पत्र्याची झाली आणि 2018 ला परत कापडी. पत्र्याचं छत वाईट असं मुळीच नाही. आतून शांत असतं, चाकूने फाडता येत नाही, आणि गाडी रस्त्यावर उभी राहणार असती तर मीच तुम्हाला तेच घ्या म्हटलं असतं. पण तुमच्याकडे बंद गॅरेज आहे. मग त्याचा मोठा फायदा तुम्हाला लागत नाही, आणि जास्तीचे सांधे, जास्तीचे सेन्सर, निम्मी झालेली डिकी हे सगळं मात्र पदरात पडतं.

छत कोणतंही असो, बघायला जाल तेव्हा ते एकदा उघडून समाधान मानू नका. इंजिन चालू ठेवून लागोपाठ तीन वेळा उघडा-मिटा, कारण अशक्त बॅटरीवर छत मध्येच थांबतं आणि दोष कशाचा ते कळत नाही. पंपाचा आवाज तिन्ही वेळा सारखा हवा. छत हललंच नाही तर आधी डिकीतला सामानाचा पडदा जागेवर ओढलाय का ते बघा, तो सैल असला की बऱ्याच गाड्या छत हलवतच नाहीत. विकणारा ‘फक्त सेन्सर आहे, किरकोळ काम’ म्हणाला, तर त्याला सांगा, किरकोळ आहे तर करून द्या, मग व्यवहार करू.

त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाणी. छताच्या घडीत साचणारं पाणी बारीक नळ्यांतून खाली उतरतं. त्या पाल्याने, धुळीने तुंबल्या की पाणी वाट शोधतं. 2002 ते 2008 च्या कापडी छताच्या झेड4 मध्ये छताची हायड्रॉलिक मोटर नेमकी त्या पाण्याच्या वाटेतच बसवलेली आहे. नळी तुंबली की मोटर बुडते. पोर्शच्या जुन्या बॉक्स्टरमध्ये तेच पाणी सीटखालच्या कंट्रोल युनिटपर्यंत जातं. जॅग्वार एक्सके8 मध्ये तर हायड्रॉलिकची नळी समोरच्या काचेच्या वर, छताच्या कुलपापर्यंत नेलेली आहे. ती फुटली की तेलाचा फवारा थेट बसणाऱ्याच्या अंगावर येतो. तेव्हा सीटच्या मागचा गालिचा बोटांनी दाबून बघा, डिकीच्या कोपऱ्यात हात घाला, सीटचे रूळ गंजलेत का पाहा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून डागाची रेघ शोधा. गाडीत सुगंधी डबी लटकवली असेल तर ती काढायला लावून दहा मिनिटं काचा बंद ठेवा आणि मग नाक आत घाला.

बाकीची फीचर्स पटापट. साउंड सिस्टीम: छत उघडं असताना वाऱ्यापुढे तिचं फारसं चालत नाही. स्क्रीन: दुसरीची जुनाट आहे ते बरंच, कारण पहिलीचीही चार वर्षांत जुनाट होईल, आणि फोन जोडायची सोय बऱ्याच गाड्यांत नंतर बसवता येते. मोठी चाकं: टायर महाग, खड्ड्यात रिम वाकायची भीती जास्त, आणि छत नसलेल्या सांगाड्याला धक्के तसेही जास्त जाणवतात. टायरच्या बाजूला डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 सालातला तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे आणि वयाने म्हातारे असतात. चारही बदलावे लागणार असतील तर ती रक्कम किमतीतून कमी करून मागा. मसाजच्या सीटबद्दल मी काही बोलत नाही.

पहिलीच्या बाजूने मात्र दोन गोष्टी खऱ्या आहेत. एक, ती दोन वर्षांनी नवी आहे, त्यामुळे आपोआप ब्रेक लावण्यासारखी सुरक्षेची सोय तिच्यात असेल आणि दुसरीत नसेल, तर तिला तुम्ही दिलेत त्याहून जास्त गुण द्या. दोन्ही गाड्यांच्या चासी नंबरवरून कारखान्यातून निघतानाची उपकरणांची यादी मागवा. विकणाऱ्याच्या जाहिरातीवर ही यादी करू नका. दुसरं, सहा सिलिंडरचं इंजिन. ते नंतर बसवता येत नाही. दर वेळी वेग घेताना तुम्हाला चार सिलिंडरची खंत वाटणार असेल, तर दुसरी गाडी स्वस्तात मिळूनही महाग पडेल, कारण दीड वर्षात ती विकून तुम्ही पुन्हा बाजारात याल, आणि खरेदी-विक्रीतला तोटा दोनदा सोसाल.

म्हणून माझा सल्ला असा. पहिली गाडी सध्याच्या कागदांवर घेऊ नका. मधल्या दोन वर्षांच्या नोंदी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये निघतात का, ते विकणाऱ्याला पाहू दे. निघाल्या, स्वतंत्र गॅरेजच्या तपासणीत सस्पेन्शन आणि छत स्वच्छ आलं, आणि भाव इतका खाली आला की कर्ज न काढता राखीव रक्कम हाताशी उरते, तरच पुन्हा बोलू. दुसरी गाडी अर्धा दिवस मागून घ्या. वहिनींना शेजारी बसवा, छत उघडा, चढावरही न्या. इंजिन पुरेसं वाटलं तर तीच घ्या. उरलेले 20 भाग गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाका. त्यातून आधी टायर, बॅटरी, सगळी ऑइल्स आणि छताच्या नळ्यांची सफाई होईल, बाकीचे तसेच राहू द्या. आणि इंजिन पुरेसं वाटलं नाही, तर दोन्ही सोडा. सहा सिलिंडर, कापडी छत, पूर्ण फाइल आणि बाकी कमीत कमी बटणं, अशी तिसरी गाडी शोधा. उघड्या गाड्यांची मागणी ऋतूवर चालते. छत मिटून बसायचे दिवस आले की विकणारे मऊ होतात, तेव्हा थांबण्यात तुमचं नुकसान नाही.

वाढीव वॉरंटी कोणी विकू लागलं तर वगळलेल्या भागांची यादी आधी वाचा. छताचं कापड, रबरी पट्ट्या आणि पाणी शिरल्याने झालेलं नुकसान त्यात बहुतेक वेळा बसत नाही, म्हणजे नेमकं तुम्हाला हवं तेच नसतं. विम्यात छत फाडलं गेल्यास भरपाई किती, हे लेखी विचारा.

तपासणीचा अहवाल आला की त्यातला छताचा आणि ओलाव्याचा भाग मला पाठवा, दुरुस्तीच्या अंदाजासह. इंजिनाबद्दल गॅरेजवाला सांगेल ते माझ्यापेक्षा बरोबर असेल.