ऑफिसातल्या सॉफ्टवेअरची नोंद: सुरुवात कुठून करायची

भाऊ, आठ कॉम्प्युटर तुझ्याकडे सोपवलेत म्हणून लगेच महागडं इन्व्हेंटरी सॉफ्टवेअर शोधत बसू नको. एक्सेलची एक शीट पुरते. प्रत्येक मशीनवर सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज 10 वर 'ॲप्स अँड फीचर्स') उघड अन् पैसे देऊन घेतलेलं तेवढंच आधी लिही:

- मशीन, सॉफ्टवेअर, आवृत्ती
- लायसन्स की (सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड) आणि नोंदणीचा ईमेल
- बिल नंबर, मुदत

यातला ईमेल सगळ्यात महत्त्वाचा. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मशीन घेताना दुकानातला पोरगा घाईत स्वतःच्याच जीमेलवरून एमएस ऑफिस सुरू करून देतो. मग रिन्यूअलचा मेल त्याला, अन् आपण बसतो त्याला शोधत. ऑफिसच्या नावाचा एकच ईमेल काढ, सगळी नोंदणी त्यावरच.

नवखे हमखास चुकतात ते इथे: मशीनसोबत आलेलं ओईएम विंडोज त्या मशीनपुरतंच असतं, वेगळं घेतलेलं रिटेल दुसरीकडे हलवता येतं. शीटमध्ये प्रकार लिहिलाच पाहिजे. आणि 'फुकट' दिसलं की थांब. टीमव्ह्यूअर (दुसरं मशीन दुरून चालवायचं सॉफ्टवेअर) घरगुती वापराला फुकट आहे, ऑफिसला नाही.

विंडोज 10 असलेली मशीन वेगळ्या रंगात दाखव. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

बिलाचा फोटो त्याच दिवशी काढ. थर्मल कागदावरची अक्षरं आपल्या नागपूरच्या मे महिन्यात काही टिकत नाहीत.

नेटवर्क स्कॅनिंग (नेटवर्कवरची मशीन आपोआप शोधणं) वगैरे सध्या राहू दे. आधी दोन मशीनची शीट भर, अडलं तर विचार.