दुकानाची गादी, वकिलीची सनद आणि तुरीची नोटीस

प्रश्न : लातूर जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात मी चार वर्षं वकिली करतो. सीनिअर महिन्याला पाच हजार देतात, तेही आठवण केली तर. घरचं डाळींचं जुनं दुकान आहे. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात वडील वारले. ऑगस्टमध्ये पुरवठा विभागाने धाड घालून १८ टन माल जप्त केला आणि दिवाळीनंतर माझ्या नावाने नोटीस आली : साठा मर्यादा ओलांडली, माल सरकारजमा का करू नये? दुकान मुनीमजी बघतात, मी संध्याकाळी गादीवर बसतो. बार कौन्सिलकडे मदतीचा अर्ज करायचाही विचार आहे. मित्र म्हणतो, भाव ५० टक्के वाढल्याशिवाय सरकारला साठ्यावर मर्यादा घालताच येत नाही. उत्तरात काय लिहू?

उत्तर : वकीलसाहेब, 'मी संध्याकाळी गादीवर बसतो' या वाक्याशी मी थांबलो. नोटिशीच्या उत्तरात ते तसंच गेलं, तर त्याची नक्कल बार कौन्सिलपुढे नेऊन ठेवणारा कोणी ना कोणी निघेल. तालुक्याच्या गावात असल्या हितचिंतकांची वाण नसते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४७ वकिलाला स्वतः धंदा करू देत नाही. वडिलोपार्जित धंद्यासाठी नियम ५० आहे : वारशाने आलेला धंदा चालू ठेवता येतो, त्यात हिस्साही राखता येतो, पण कारभारात जातीने लक्ष घालायचं नाही. म्हणजे दुकानाचे वारस म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. पंचाईत आहे ती गादीची. बिलांवर, बँकेच्या चेकवर, ई-वे बिलावर तुमची सही असेल तर 'मी फक्त वारस' हे कोण मानणार?

म्हणून आधी घरात निर्णय करा. आई कारभार बघणार असतील तर जीएसटीची नवी नोंदणी त्यांच्या नावाने घ्या. मालक वारला की वारसाला नवीच नोंदणी लागते, जुना क्रमांक पुढे चालवता येत नाही. अन्नपरवाना, बाजार समितीचे कागद, बँकेचे सहीचे अधिकार हे सगळं त्याच ओळीत आणा. दुकान तुम्हालाच चालवायचं असेल तर सनद स्थगित करा. मूळ सनद जोडून रजिस्टर पोस्टाने राज्य बार कौन्सिलला कळवायचं असतं, आणि पुढे अर्ज करून ती परत चालूही करता येते. तरुण वकिलांना यात नामुष्की वाटते. मला वाटत नाही. घर चालवायला दोन वर्षं दुकानात बसलेला माणूस कोर्टात परत आल्यावर हिशेबाच्या दाव्यात भल्याभल्यांना भारी पडतो.

एक मात्र करू नका. कागद मागच्या तारखेचे बनवू नका. जुलै ते आजपर्यंत जे घडलं ते घडलं तसंच सांगा : वडील गेले, घरात दुसरं कोणी तयार नव्हतं, तात्पुरतं लक्ष घातलं, अमुक तारखेपासून व्यवस्था बदलली.

आता नोटीस. मित्राचं ५० टक्क्यांचं गणित हवेतलं नाही, फक्त मुदत संपलेलं आहे. २०२० च्या दुरुस्तीने जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ मध्ये तशी अट घातली होती. २०२१ मध्ये कृषी कायदे मागे घेतले, त्यासोबत तीही गेली. व्हॉट्सॲपवर ती अजून जिवंत आहे, एवढंच.

मुळात सरकारला असा अधिकार आहे का, या वादातही शिरू नका. दुसऱ्या महायुद्धातले भारत संरक्षण नियम ३० सप्टेंबर १९४६ ला संपले, तेव्हा धान्य-कापडावरची नियंत्रणं टिकवण्यासाठी १९४६ चा कायदा आला. त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' होते! तो जानेवारी १९५५ पर्यंत लांबत गेला आणि १ एप्रिल १९५५ ला आजचा कायमचा जीवनावश्यक वस्तू कायदा अवतरला. नोव्हेंबर १९४८ मध्ये बागला नावाचं जोडपं मुंबईहून कानपूरला सहा मणांहून जास्त नवं सुती कापड परमिटशिवाय नेताना इटारसीला पकडलं गेलं. त्यांनी हा अधिकारच घटनाबाह्य म्हणून आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ते फेटाळलं. तो रस्ता तेव्हापासून बंद आहे.

तुमचं प्रकरण उभं राहील किंवा पडेल ते पंचनाम्यावर. केंद्र सरकारचा साठा मर्यादेचा २१ जून २०२४ चा आदेश तूर आणि हरभऱ्यापुरता होता. मर्यादा प्रत्येक कडधान्याला वेगळी : घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन. जास्तीचा माल १२ जुलैपर्यंत खाली आणायचा होता. तुमच्या पंचनाम्यात 'विविध डाळी, एकूण १८ टन' असं मोघम असेल तर सोनं आहे. त्यातली मूग, मसूर, उडीद बाजूला काढा, ती या आदेशात येतच नाहीत. पोती खरंच तोलली की ५० किलोने गुणून आकडा टाकला? कट्टे ३० किलोचेही असतात. बिल झालेला, गिऱ्हाइकाने उचलायचा राहिलेला माल किती? मुनीमजींना बसवून साठा रजिस्टर ओळीने जुळवा.

दुसरा कळीचा मुद्दा, तुम्ही घाऊक की किरकोळ. खेड्यांतल्या दुकानांना माल देत असाल तर तीच बिलं काढा. परवान्यावर धंद्याचा प्रकार काय लिहिलाय, आणि सरकारी पोर्टलवर साठा जाहीर करताना वडिलांनी कोणता रकाना निवडला, हे आजच बघा. 'किरकोळ' निवडला असेल तर ओझं वाढलं. कबूल करा आणि बिलांवर भर द्या.

मग हेतू. सर्वोच्च न्यायालयाने धारच्या नथूलाल या धान्य व्यापाऱ्याला सोडलं, कारण परवान्याचा अर्ज आणि फी भरून तो मिळणारच या प्रामाणिक समजुतीने त्याने गहू साठवला होता. त्यानंतर कायदा कडक झाला. आता जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या कलम १० सी खाली खटल्यात दोषी मनोवृत्ती गृहीत धरतात आणि ती नव्हती हे आरोपीने वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं असतं. वडिलांचा मृत्यूचा दाखला इथे उपयोगी पडेल : माल कमी करायची मुदत तुमच्या सुतकातच संपली. आदेशाची मुदत ३० सप्टेंबरला संपली हा मुद्दाही घ्या, पण एकट्या त्यावर विसंबू नका. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. गुन्हा नोंदला गेलाय का ते आधी काढा, आणि नोंदला असेल तर अटकपूर्व जामिनाला उशीर नको.

माल सोडवायला मॅजिस्ट्रेटकडे सुपूर्दनाम्याचा, म्हणजे माल तात्पुरता ताब्यात मिळण्याचा, अर्ज टाकू नका. माल सरकारजमा करण्याची कारवाई जिल्हाधिकाऱ्यांपुढे असताना कलम ६ ई ने कोर्टाचा तो अधिकार काढून घेतलाय. अर्ज त्यांच्याकडेच करा : डाळीला किडे लागतील, कलम ६ ए खाली विकून पैसे जमा ठेवा. शेवटी जिंकलात तर किंमत व्याजासह परत मिळते. जप्त माल अधिकाऱ्यांच्या हयगयीने सडला तर शासन भरपाई देणं लागतं, हे नागेंद्र राव प्रकरणात १९९४ मध्ये ठरलंय. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला एक महिना आहे. तारीख डायरीत आत्ताच टिपा.

राहिली मदत. अधिवक्ता कायद्याच्या कलम ६ नुसार राज्य बार कौन्सिलला गरजू, अपंग वकिलांसाठी निधी उभारता येतो, आणि महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कल्याण निधी कायदा आहे. वकालतनाम्यावर आपण चिकटवतो ती वेल्फेअरची तिकिटं याच निधीत जातात, त्यामुळे मागायला लाजू नका. पण त्यासाठी आधी निधीचं सभासद व्हावं लागतं, आणि अर्जात घरच्या उत्पन्नात दुकान दाखवा. सनद स्थगित करणार असाल तर अर्ज सध्या थांबवा, चालू नसलेल्या वकिलीसाठी हात पसरणं बरं दिसत नाही. वकिलीच ठेवणार असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. आणि सीनिअरना बार कौन्सिल ऑफ इंडियाचं ऑक्टोबर २०२४ चं परिपत्रक दाखवा. ग्रामीण भागात कनिष्ठाला महिना किमान १५ हजार द्यावेत अशी शिफारस त्यात आहे. बंधन नाही, पण पाच हजारांवर बोलणी सुरू करायला पुरेसं आहे.