यूट्यूब बघून फाउंडेशन पेपर पीसिंग शिकता येईल का, की क्लास लावावा? आणि कागदावर शिवलं तर मशीन बिघडतं, हे खरं का?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फाउंडेशन पेपर पीसिंग म्हणजे आकडे घातलेली नक्षी कागदावर छापायची, आकड्यांच्या क्रमाने कापडाचे तुकडे त्या कागदाला रेघांवर शिवत जायचे आणि शेवटी कागद फाडून काढायचा. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते. नाही बिघडत. हे मला खरं तर आमच्या दादाला ऐकवायचंय, पण तो इथे फिरकत नाही, म्हणून तुम्ही ऐका.

गिरगावात आमचं टेलरिंगचं दुकान. वडिलांच्या मागे दादा बघतो. मशीनखाली कागद घालायचा नाही, सुई बोथट होते, हा घरातला जुना दंडक. मी लग्न होऊन गोरेगावला आले, पॅचवर्कचा नाद लागला, आणि भाचीच्या बाळासाठी दुपटं करायला घेतलं. मधोमध आठ टोकांची चांदणी. गणपतीत माहेरी जाताना तो ब्लॉक, म्हणजे चांदणीचा तो चौकोन, पिशवीत घातला, मागचा कागद तसाच ठेवून. दादाने चष्मा कपाळावर चढवला, ब्लॉक उलटा केला आणि म्हणाला, "हे कसलं शिवणकाम? आखलेल्या रेघेवर कोणीही शिवेल."

अरे, कोणीही शिवेल हीच तर त्यातली गंमत! एरवी आठ टोकं एका जागी आणायची तर कापताना सूतभर चूक झाली तरी चांदणीचं नाक कापलं जातं. इथे तुकडा वेडावाकडा, ऐसपैस कापा, शिलाई रेघेवर पडली की झालं. मी विचारलं, "जॉर्जेट सरकायला लागलं की खाली पेपरची पट्टी घालून कोण शिवतं? तेव्हा नाही सुई बोथट होत?" उकड मळता मळता वहिनी फस्सकन हसली. दादा अंगठ्याच्या नखाने एकेक टोक दाबून बघत होता. आठही भिडलेली. मग नवीन खुसपट: "कागद फाडशील तेव्हा टाके निघतील." एका कोपऱ्यातला कागद तिथल्या तिथे फाडून दाखवला. टाका हलला नाही, कारण मी टाक्याचा आकडा १.५ वर ठेवते, म्हणजे इंचाला १७च्या आसपास टाके. नेहमीच्या २.५ वर शिवलंत तर मात्र दादाचं म्हणणं खरं होईल. सुई १४ नंबरची लावा, भोकं मोठी पडतात आणि कागद तिकिटासारखा सुटतो.

तरी त्याचं पालुपद तेच, कागद म्हणजे लबाडी. अमेरिकेत १९व्या शतकातल्या लॉग केबिन गोधड्या, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या जोडलेल्या, जुन्या कापडाच्या पायावर शिवलेल्या सापडतात. त्या बायका लबाड होत्या का?

असो, तुमचा पहिला प्रश्न. ज्याला ब्लाउजला अस्तर लावता येतं त्याने क्लासवर पैसे घालवू नयेत. पद्धत एका दुपारी कळते, डोकं फिरतं ते उलट-सुलटमध्ये. छापलेली बाजू वर, कापड खाली, त्यामुळे तयार ब्लॉक चित्राच्या आरशातल्यासारखा उलटा येतो. नावाचं अक्षर करणार असाल तर आधीच उलटं छापा. प्रत्येक तुकडा शिवायच्या आधी रेघेवर टाचणी लावून उलगडून बघा, खिडकीच्या उजेडात धरा, पुढच्या आकड्याचा भाग सगळीकडून पाव इंच मायेसकट झाकला जातोय का ते दिसतं. एवढी एक सवय लावलीत तर उसवाउसवी वाचेल. आणि यूट्यूबवर हाताने षटकोन शिवतात, तो प्रकार वेगळा, त्यात गुंतू नका.

कापडासाठी लगेच मंगलदास मार्केट गाठायची गरज नाही. नाक्यावरच्या मॅचिंग सेंटरमधलं टू बाय टू रुबिया उत्तम. पातळ असतं, त्यामुळे सांध्यांचा ढीग होत नाही. लाल आणि मरून मात्र आधी धुऊन घ्या, रंग जातो. झेरॉक्सवाल्याला १०० टक्क्यांवर प्रिंट काढायला सांगा आणि कागदावरचा एक इंचाचा चौकोन तिथेच पट्टीने मोजा. वाफेची इस्त्री नको, कागद गुंडाळतो. इस्त्री कापडाच्या बाजूने फिरवा, नाहीतर झेरॉक्सची शाई तिला चिकटते.

आता खरं सांगायचं तर सुई बोथट होते. त्यामुळे कागदाची सुई वेगळी ठेवते, तिने ब्लाउज शिवत नाही, आणि सुईखालच्या दातेरी पट्टीत साचलेला कागदाचा भुसा ब्रशने काढते. याला मशीन बिघडणं म्हणत नाहीत. ब्लॉक शेजारच्या ब्लॉकला जोडेपर्यंत सगळा कागद काढू नका, तिरक्या कडा ताणल्या जातात. मी कोपरा फाडला तो भांडणापायी.

क्लास लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी कागदावर शिवू देणार का, ते फोनवरच विचारा. "आधी सहा महिने साधे चौकोन शिवा" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या, तिथे आमच्या दादाचाच कोणीतरी भाऊबंद बसलाय.