पिचकारी दरवर्षी दुसऱ्या दिवशी बिघडते. कोणत्या प्रकारची घ्यावी आणि ती टिकवायची कशी?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच. तीन वर्षांत पाठीवरची टाकी, चापाची बंदूक आणि हवा भरायची प्रेशरची बंदूक असं सगळं आणून झालं, पण एकही पुढच्या रंगपंचमीपर्यंत पोचली नाही. आता बॅटरीवरची घ्यावी का, असं तुम्ही विचारताय.

रंगासाठी बॅटरीवरची घेऊ नका. दोघांनाही साधी दट्ट्याची पिचकारी घ्या, पण नळीची जाडी बघून. आणि दुकानातच ती उघडून बघा. जी उघडता येत नाही ती कितीही देखणी असली तरी ठेवून द्या.

मी नाशिकचा. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीला खरा रंग चढतो, त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या इमारतीतली पोरं बिघडलेल्या पिचकाऱ्या घेऊन माझ्या दाराशी येतात. बारा-तेरा वर्षं हे चाललंय. इतक्या पिचकाऱ्या खोलल्यावर एक गोष्ट पक्की झाली आहे. नळी किंवा टाकी फुटली म्हणून पिचकारी टाकून द्यावी लागते, असं फार क्वचित होतं. बहुतेक वेळा आत एक रबरी कडं सुकलेलं असतं, झडपेत रंगाचा कण अडकलेला असतो किंवा स्प्रिंगला गंज चढलेला असतो. दुरुस्ती दोन मिनिटांची, पण पिचकारी डकवून बंद केलेली असेल तर ती दोन मिनिटं मिळतच नाहीत.

आधी धारेचं गणित सांगतो, कारण खरेदीत लोक नेमके इथे चुकतात. पाणी किती लांब जाईल हे मुख्यतः दाबावर ठरतं, आणि दाब म्हणजे तुमचा जोर भागिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. नळी आतून ३ सेंटीमीटर व्यासाची असेल तर दट्ट्याचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस सेंटीमीटर होतं. १० किलोचा जोर लावला तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ दीड किलो दाब येतो. तोच जोर ५ सेंटीमीटरच्या जाड नळीवर लावा, दाब अर्धा किलोच उरतो. म्हणजे जाड पिचकारीत पाणी जास्त मावतं, पण त्याच हातांनी धार कमी लांब जाते. लहान मुलाला ‘मोठी घेऊन देऊ’ म्हणून जाड पिचकारी दिली की त्याचं पाणी पायाशीच पडतं आणि ते रडवेलं होतं. हे मी दरवर्षी बघतो.

एका चौरस सेंटीमीटरवर १ किलो दाब असेल आणि हवेचा काही अडथळा नसेल, तर तिरकी वर मारलेली धार हिशेबाने सुमारे २० मीटर जायला हवी. प्रत्यक्षात ती बरीच अलीकडे पडते, कारण हवेत धारेचे थेंब होतात आणि थेंबांचा वेग लगेच मरतो. फार बारीक भोकाची धार लवकर फुटते. भोक मोठं केलं तर धार एकसंध राहते, पण पाणी भराभर संपतं. म्हणून तोंडाशी गरम सुई घालून भोक मोठं करायचा उद्योग कुणीही करू नये. भोकाची कड खडबडीत झाली की धार सुटतानाच फिसकटते, आणि ते पुन्हा नीट करता येत नाही.

चापाच्या बंदुकीत आत एक छोटासा दट्ट्या, एक स्प्रिंग आणि दोन झडपा असतात. काच पुसायच्या फवाऱ्याच्या बाटलीत असते तीच यंत्रणा. एका दाबाला पाणी निघतं चमचाभराहून कमी. पाच-सहा पावलांवरच्या माणसाला भिजवायचं असेल तर चालते. पण पहिल्यांदा चाप ओढला की नुसती हवा येते, आणि मूल जोरजोरात ओढून चापच मोडतं. वास्तविक बाटलीपासून वर येणाऱ्या नळीतली हवा निघून जायला आठ-दहा दाब लागतात, एवढंच. तरीही पाणी चढलं नाही तर बंदुकीचं तोंड बादलीत बुडवून चाप ओढा. चिकटलेली झडप बहुधा सुटते. गंजलेल्या स्प्रिंगला मात्र माझ्याकडे उपाय नाही.

पाठीवरच्या टाकीविषयी लोकांचा एक गैरसमज आहे. टाकीत दाब नसतो. ते फक्त पाण्याचं भांडं, काम हातातला दट्ट्याच करतो. फायदा इतकाच की सारखं बादलीकडे पळावं लागत नाही. पण २ लिटर पाणी म्हणजे मुलाच्या पाठीवर २ किलो ओझं, आणि दट्ट्या टाकीला जोडणारी नळी हमखास निसटते. निसटली तर नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरा म्हणजे ते मऊ पडेल, मग दाबून बसवा आणि वरून छोटी क्लिप आवळा. हे एकदा केलं की वर्षभर बघावं लागत नाही. तुमची टाकी अजून माळ्यावर असेल तर आधी हे करून बघा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आमच्याकडे द्राक्षबागा आहेत, त्यामुळे फवारणीचा पाठीवरचा पंप घरोघरी सापडतो, आणि कुणीतरी तोच धुऊन रंगपंचमीला आणतो. कितीही धुतला तरी तो पंप पोरांच्या जवळ येऊ देऊ नका. औषधाचा अंश नळीच्या प्लास्टिकमध्ये, वायसरमध्ये आणि गाळणीत मुरून राहतो.

आता प्रेशरची बंदूक. हिच्यावर माझा जीव आहे, पण ती जपणाऱ्याच्या हातात द्यावी लागते. कल्पना लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याची. नासाच्या गॅलिलिओ मोहिमेवर काम केलेला हा माणूस १९८२ साली घरी पाण्यावर चालणारा उष्णता-पंप करून बघत होता. न्हाणीघरात जोडलेल्या तोटीतून अशी काही धार सुटली की त्याच्या डोक्यात खेळणं आलं. १९९० मध्ये ते बाजारात आलं आणि पुढच्या वर्षीपासून ‘सुपर सोकर’ या नावाने जगभर गेलं. आपल्याकडे पंप मारून हवा भरायच्या ज्या बंदुका मिळतात, त्या याच तत्त्वावर चालतात: हवा दाबून ठेवायची आणि तिने पाणी ढकलायचं.

यात एक खोच आहे, जी डब्यावर क्वचितच लिहिलेली असते. ज्या बंदुकीत पाण्याच्या टाकीतच हवा भरतात, तिची टाकी काठोकाठ भरू नका. दाबायला हवाच उरली नाही तर दोन पंपांत दांडा घट्ट होतो, पहिली धार जोरात सुटते आणि लगेच मरते. पाव ते एक तृतीयांश टाकी रिकामी ठेवा. पंप थोडे जास्त मारावे लागतील, पण धार शेवटपर्यंत बरी राहील. ती हळूहळू कमी होणारच, कारण पाणी गेलं की हवेला जागा मिळते आणि दाब उतरतो. १९९६ च्या सुमारास हवेऐवजी फुगणारी जाड रबरी पिशवी वापरलेल्या बंदुका आल्या. त्यात दाब जवळजवळ तेवढाच राहतो, पण पिशवी जुनी झाली की तडकते.

तुमची प्रेशरची बंदूक का गेली असेल याचा माझा अंदाज असा: खेळ संपला, बंदूक दाबासकट गच्चीवर पडून राहिली. उन्हात आतली हवा तापली, दाब वाढला आणि सांधा सुटला किंवा कडं बाहेर सरकलं. खेळ थांबला की चाप ओढून सगळा दाब सोडायचा, मगच टाकीचं झाकण फिरवायचं. उलटं केलंत तर झाकण तोंडावर उडू शकतं. या बंदुकीची धार जवळून डोळ्यावर बसली तर इजा होते, म्हणून आमच्या इमारतीत नियम आहे: बारा वर्षांखाली प्रेशरची बंदूक नाही आणि कुणाच्याही तोंडावर नेम नाही. तुमचा मुलगा नऊचा आहे. अजून तीन वर्षं थांबायला काय हरकत आहे?

बॅटरीवरच्या बंदुकीत छोटी मोटर आणि नाजूक पंप असतो. साध्या पाण्याला ती ठीक आहे. पण गुलालात पिठूळ भाग असतो, तो थंड पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो आणि तो पंप एका दुपारीत चोंदवतो. चार्जिंगच्या खोबणीत रंगाचं पाणी गेलं की पुढचं सांगायला नको. कुणी भेट दिलीच तर नुसतं पाणी भरा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

आता निगा. माझ्या हाताखालून गेलेली सगळ्यात जुनी पिचकारी शेजारच्या आजींची, पितळी, त्यांच्या लग्नाच्या आधीची. तिच्या दट्ट्याला चामड्याचं वायसर आहे, स्टोव्हच्या नाहीतर सायकलच्या पंपाला असतं तसं. चामडं सुकलं की आक्रसतं आणि पाणी मागून येतं. ते रात्रभर खोबरेलात ठेवायचं, सकाळी बोटाने कड बाहेर फाकवायची आणि बसवायचं. इतक्या वर्षांत वायसर दोनदा बदललं, पितळ अजून तसंच.

रबरी कड्याला मात्र तेल लावू नका, पेट्रोलियम जेली तर नाहीच. बऱ्याच जातींचं रबर तेलाने फुगतं आणि सैल पडतं. औषधांच्या दुकानातलं ग्लिसरीन थेंबभर लावा, नाहीतर आरओ फिल्टर दुरुस्त करणारे वापरतात ते सिलिकॉन ग्रीस. कडं झिजून ढिलं झालं असेल तर ते काढा, खाचेत नळाची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा आणि वर कडं परत चढवा. मागून गळणाऱ्या किती पिचकाऱ्या एवढ्यावर चालू झाल्या, मोजलेल्या नाहीत. तेही जमलं नाही तर जुनं कडं घेऊन नळाचं सामान विकणाऱ्याकडे जा, मापाचं मिळेल.

रंग भरण्याआधी तो जुन्या सुती धोतराच्या फडक्यातून गाळून घ्या. पळसाच्या फुलांचा काढा असो की बिटाचा रस, गाळायचाच. बिटाच्या रसात साखर असते. पिचकारी न धुता ठेवली तर झडप चिकटते आणि मुंग्याही येतात. संध्याकाळी कितीही दमलात तरी तीन वेळा स्वच्छ पाणी ओढून सोडा, मग दट्ट्या नळीतून पूर्ण बाहेर काढा आणि दोन्ही सावलीत वेगळे सुकवा. दट्ट्या आत ठेवून सुकवला तर कडं नळीला चिकटतं, आणि पुढच्या वर्षी पहिल्याच झटक्याला फाटतं. भोक चोंदलं तर खराट्याची बारीक काडी, टाचणी नाही. बोअरच्या जड पाण्याने पांढरे थर बसले असतील तर लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा.

घेताना खोक्यावर आयएसआय चिन्ह बघा. खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, पिचकारी त्यातच मोडते. मग दुकानदाराकडे पाणी मागा. एकदा ओढून तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या दाबून बघा. मागच्या बाजूने पाणी आलं तर दुसरी काढायला सांगा.

मुलासाठी आतून ३ सेंटीमीटरच्या आसपासची नळी पुरे. मुलीसाठी २ सेंटीमीटरची घ्या. तिने ४ किलो जोर लावला तरी दाब जवळजवळ दादाच्या पिचकारीइतका येईल, फक्त पाणी लवकर संपेल. म्हणून तिची बादली तिच्या अगदी शेजारी ठेवा.