दूरच्या दीर्घिकांमधून निसटणारे किरण

प्रश्न : विश्वातील पहिल्या दीर्घिकांतून बाहेर पडलेले आयनकारी (अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकणारे) किरण प्रत्यक्ष टिपता येतात का?

उत्तर : अगदी पहिल्या दीर्घिकांचे नाही. हायड्रोजनचे आयनीभवन करणारे, म्हणजे ९१२ अँगस्ट्रॉमहून (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) कमी तरंगलांबीचे किरण वाटेतला उदासीन, म्हणजे आयनीभवन न झालेला, हायड्रोजनच शोषून घेतो; म्हणून त्या पहिल्या दीर्घिकांसारख्या, पण तुलनेने जवळच्या दीर्घिका तपासाव्या लागतात. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतील कनक साहा यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०२० मध्ये जाहीर केलेला शोध मला याबाबतीत फार मोलाचा वाटतो. ‘एयूडीएफएस०१’ या दीर्घिकेतून ९.३ अब्ज वर्षांपूर्वी निघालेले सुमारे ६०० अँगस्ट्रॉमचे किरण विश्वाच्या प्रसरणामुळे ताणले जाऊन सुमारे १,४५० अँगस्ट्रॉमचे झाले आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये २८ तासांहून अधिक निरीक्षण करणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय अवकाश वेधशाळेच्या अतिनील दुर्बिणीने ते टिपले. या दुर्बिणीचा व्यास जेमतेम ३८ सेंटीमीटर, हबल अवकाश दुर्बिणीचा २.४ मीटर, तरीही हे जमले, कारण एकेक फोटॉन (प्रकाशकण) मोजणाऱ्या तिच्या शोधकात पार्श्वभूमीचा गोंगाट अत्यल्प असतो. खरी कसोटी पुढेच असते : वाटेत आड आलेल्या एखाद्या जवळच्या दीर्घिकेचाच तो प्रकाश नाही, याची खातरजमा करावी लागते.