बोरनहाणाचे फोटो पाठवण्याआधी

पुणे

चि.,
अनेक आशीर्वाद.

भाचीचं बोरनहाण जवळ आलं आणि घरात फोटो काढणारं माणूस म्हणजे तू. कुठला फोटो कुठे जायचा हेही तुझ्याच हातात राहणार, म्हणून हे पत्र.

आधी फोन बघ. लोकेशन टॅग चालू असेल तर प्रत्येक फोटोत घराचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. अँड्रॉइडवर ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बंद होतं. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस, कॅमेरा, तिथे 'नेव्हर'. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही नोंद गळते. पण क्वालिटी जाऊ नये म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला, तर ती जशीच्या तशी पुढे जाते. घरच्या ग्रुपवर हे हमखास होतं.

तरी त्याहून जास्त माहिती फोटोत उघड्यावर पडलेली असते. पाटावर काळ्या झबल्यातली पोर, तुळशीबागेतून आणलेला हलव्याचा मुकुट, डोक्यावरून ओघळणारे चुरमुरे आणि बोरं. नजर तिथेच जाते. मागच्या भिंतीवर मात्र तिचं पूर्ण नाव कापून लावलेलं, खिडकीतून शेजारच्या सोसायटीची पाटी दिसतेय, खुर्चीला प्लेग्रुपची बॅग अडकवलेली. खाली ओळ, 'आज आमची छकुली दोन वर्षांची'. नाव, वय, घर, शाळा, सगळं एका फोटोत! जूनमधले शाळेच्या पहिल्या दिवसाचे फोटो तर याहून वाईट: गणवेशावरचा बिल्ला, गळ्यातलं ओळखपत्र, मागे व्हॅनची एमएच १२ची नंबरप्लेट. शाळेच्या फाटकाशी कुणी नावानं हाक मारून 'मामानं पाठवलंय' म्हणालं, तर लहान मूल विश्वास ठेवतं.

म्हणून पाट मोकळ्या भिंतीपाशी मांड, बॅग आत ठेव. राहून गेलंच तर झाक, पण हायलायटर पेननं नको; त्याचा रंग पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालची अक्षरं वाचता येतात. भरीव स्टिकर लाव, मग स्क्रीनशॉट काढून तोच पाठव. आयफोनवर नुसता क्रॉप केलास आणि पाठवताना 'ऑल फोटोज डेटा' चालू राहिलं, तर मूळ फोटोही सोबत जाऊ शकतो.

अंघोळीचे, मालिशचे, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाचे उघडे फोटो कुठेच टाकायचे नाहीत, घरच्या ग्रुपवरही नाहीत. यात मला तडजोड मान्य नाही. ग्रुपमधून एक फॉरवर्ड झाला की तो कुणाकडे पोचला हे कळायला मार्ग नाही.

स्टेटस २४ तासांनी जातं खरं, पण तुझ्या कॉन्टॅक्टमध्ये फ्लॅटचा एजंट आणि जुना प्लंबरही आहेत. स्टेटसच्या प्रायव्हसीत 'ओन्ली शेअर विथ' निवडून मोजकी नावं घाल. गूगल फोटोजच्या अल्बमची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो उघडतो. लिंक शेअरिंग बंद कर आणि माणसं एकेक जोड. आजी-आजोबांच्या डीपीवर नात असतेच. त्यांना बोलू नकोस, शेजारी बसून प्रोफाइल फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स'वर करून दे आणि चार चांगल्या प्रिंट हातात ठेव.

कायद्यावर विसंबू नकोस. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, पण घरगुती कारणासाठी माणसानं स्वतः हाताळलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे आपल्यापासून तिला वाचवायचं ते आपणच. आत्ता ताई-भावजींना विचारून टाक. ती चार-पाच वर्षांची झाली की तिला विचार, आणि 'नको' म्हणाली तर नको.

बोरं वेचायला सोसायटीतली दहा-बारा पोरं येतील. त्यांच्या आयांना दारातच विचारून घे, कुणाचा फोटो चालेल, कुणाचा नाही. चुरमुरे पडायला लागले की कुणाला काही ऐकू येत नाही.

तुझा,
काका